मालकांच्या सहा सुऱ्या

आमच्या चाळीच्या मालकांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा. परळला रेल्वेच्या कारखान्यात ते माल तपासायच्या कामावर होते. खिळे, पट्ट्या, दांडे, जे बाहेरून येई ते हातात घेऊन बघायचं आणि सदोष निघालं तर खडूने फुली मारायची, हे त्यांनी पंधरा-वीस वर्षं केलं होतं. संध्याकाळी गिरगावात घरी आले तरी हात थांबत नसे. जिन्याची तिसरी पायरी करकरली की तिच्यावर फुली. दूधवाल्याच्या मापाला पोचा दिसला की त्यावर फुली. आम्ही बिऱ्हाड घेऊन आलो त्या दिवशी यजमानांची छत्री दाराशी टेकवून ठेवली होती. मालक वर येऊन किल्ली देऊन गेले आणि बघते तर छत्रीच्या दांड्यावर पांढरी फुली. सासूबाईंना वाटलं, कुणी करणी केली. चार दिवसांनी भर रस्त्यात तो दांडा मोडला, तेव्हा यजमान म्हणाले, "माणूस जाणता आहे."

जाणते होतेच. आणि फुली मारताना ते कधी रागवत नसत. एकदा माझ्या मुलीच्या धक्क्याने त्यांच्या दिव्याची काच फुटली. मालकांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "काच पातळ होती. पोरीला काही बोलू नका. दोष वस्तूत शोधावा, माणसात नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असा माणूस आपल्या घरात असावा असं कुणालाही वाटेल, मलाही वाटे. पण याच वाक्यापायी त्यांच्या बायकोने दोन वर्षं काढली ती कशी काढली ते मी बघितलं आहे. त्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो आजवर मी कुणाला सांगितला नाही, म्हणून लिहायला बसले.

त्यांच्या बायकोला सगळी चाळ काकू म्हणायची. मूलबाळ नव्हतं. अंगाने बारीक, बोलायला मोजक्या, पण स्वयंपाकघरात शिरल्या की त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. त्यांच्या हातची दुधीची भाजी मी खाल्ली आहे. नुसतं तेल, जिरं, मीठ आणि खोबरं, पण बोटं चाटत बसावी. मी एकदा विचारलं, यात घालता तरी काय? तर म्हणाल्या, "घालायचं काय त्यात? चिरण्यात आहे सगळं. चिरणं माझं नसेल तर भाजी माझी नाही."

आम्ही आलो त्याच वर्षी काकू अंगणातल्या नळावर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड. हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या बांधून गेला, तीन महिन्यांनी काकू काठी टेकत चालायला लागल्या. पण उजवा पाय खुब्यात वाकेना. उभं राहता येई, उंच स्टुलावर बसता येई, जमिनीवर मात्र बसणं कायमचं गेलं.

आता आमचा सगळा संसार जमिनीवरचा. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, जेवणं जमिनीवर. दुसरा कुणी असता तर त्याने बायकोला गादीवर बसवून स्वयंपाकीण ठेवली असती. मालकांनी आठ दिवसांची रजा घेतली. गवंडी आणून कमरेइतका ओटा बांधला आणि चूल त्यावर चढवली. पाण्याची भांडी चढवली. पाटा चढवला. काकूंचा हात कुठवर पोचतो ते दोरीने मोजून फळ्या ठोकल्या. सगळी चाळ बघायला गेली होती. बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

विळी तेवढी खाली राहिली. विळीच्या पाटावर पाय दाबून बसावं लागतं, हे त्यांना येता-जाता दिसलेलं होतं. ओट्यावर पाय कुठे ठेवणार? आणि उंचीवर कापायचं तर साहेबलोक टेबलाशी बसून सुरीने कापतातच की. म्हणजे प्रश्न एका चांगल्या सुरीचा होता, असा त्यांचा हिशेब झाला.

पहिली सुरी त्यांनी फोर्टातल्या एका विलायती दुकानातून आणली. लखलखीत पातं, पांढरीशुभ्र मूठ. काकूंनी ती हातात धरली, उलटी केली, आणि ओट्यावरून ढकलून दिली. "ही हाडाची आहे." सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात हाड! मालकांनी मुकाट्याने ती नेली आणि सुताराकडून शिसवी मूठ बसवून आणली. ती मूठ डुगडुगायची. मग मालकांनी कारखान्यात करतात तशी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी सुरीला सुतळीने बांधली. तिच्यावर लिहिलं, "मूठ हाडाची. बदलली ती सैल." खाली फुली. सुरी एका पत्र्याच्या डब्यात गेली.

त्यानंतर कारखान्यातल्या लोहाराने जुन्या करवतीच्या पात्याची एक घडवून दिली. ती इतकी जड की काकूंचं मनगट भरून यायचं. माझगावच्या गोदीत खलाशांकडून एक मिटणारी मिळाली, ती पहिल्याच दिवशी वांगं कापताना काकूंच्या बोटावर मिटली. जेवणाच्या टेबलावरची म्हणून एक आली होती. तिच्या चिठ्ठीवर मालकांनी लिहिलं होतं, "लोणी कापते." बिचाऱ्या सुरीबद्दल याहून वाईट काय लिहिणार?

प्रत्येक सुरी आली की मालक संध्याकाळी कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "कशी आहे? पातं कसं आहे? मूठ नीट बसते का हातात?" काकू विचार करून खरं ते सांगायच्या. पातं बरं आहे, मूठ जरा जाड आहे. मालक मान डोलवायचे आणि चिठ्ठी लिहायला बसायचे. बायकोला जमत नाही, तिचा हात वळत नाही, असं एकदासुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही.

एकदा ते वरळीच्या कोळीवाड्यात जाऊन तिथल्या बायका मासळी कशाने कापतात ते बघून आले. एका म्हातारीकडचा तसलाच एक कोयता मागून आणला. ती काय म्हणाली तेही मालकांनी अंगणात उभं राहून आम्हाला हसत हसत सांगितलं. म्हणाली होती, "नेस तर ने रं दादा. पन ह्यो माजे हाताचा हाय. तुजे बायकोचे हाताला काय पायजे ते तिला इचार ना!" सगळे हसले, मालकही हसले. काकूंनी तो कोयता नाकाला पदर लावून तीनदा राखेने घासला, आणि चौथ्या दिवशी तो डब्यात गेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "वास जात नाही."

आता माझं सांगते.

सुऱ्यांची ही परीक्षा चालली होती तोवर घरातलं चिरायचं कुणी? मी. रोज दुपारची जेवणं आटोपली की माझी विळी घेऊन मी खाली काकूंकडे जायची. त्या स्टुलावर बसायच्या, मी जमिनीवर. त्यांची संध्याकाळची भाजी चिरून द्यायची, नारळ खवून द्यायचा. सुरीने नारळ खवता येत नाही, हे मालकांच्या कुठल्याही चिठ्ठीवर नव्हतं. काकू वरून बघत राहायच्या. "जाड झाली गं. एवढी मोठी फोड शिजेपर्यंत बाजूची गळून जाईल." मी बारीक चिरायची. तरी ती त्यांची भाजी नव्हती, आणि हे आम्हा दोघींनाही कळायचं. त्या दोन वर्षांत दुधी परत कधी तसा झाला नाही.

आणि मी जे बघत होते ते मालकांनी कधी बघितलं नव्हतं, कारण ओटा बांधून झाल्यावर सोवळ्यापायी ते उंबऱ्याच्या आत येत नसत. नवी सुरी आली की काकू तिची मूठ डाव्या मुठीत घट्ट धरायच्या, ती मूठ ओट्यावर टेकवायच्या, पातं वर उभं करायच्या, आणि उजव्या हाताने वांगं त्या पात्यावर ढकलायच्या. सुरी हलायची नाही, वांगं हलायचं. काकू सुरीची विळी करत होत्या. चाळीस वर्षांचे त्यांचे हात भाजी हलवायला शिकलेले, पातं हलवायला नाही. मला हे दुसऱ्या सुरीच्या वेळीच उमगलं होतं. सुरी कुठलीही आणा, जमायचं नाही. विळीच वर चढवायला हवी, आणि तिला पायाऐवजी दुसरं काहीतरी दाबून धरायला हवं. जो माणूस कारखान्यात काम करतो त्याला ते काय अवघड?

मी बोलले नाही. सांगायला कारण होतं: मालक म्हणजे सासऱ्यांच्या वयाचे, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, तिथे त्यांना शिकवायला मी कोण? सासूबाई म्हणाल्या असत्या, खोली सोडायची वेळ आणणार ही. पण ते कारण सांगण्यापुरतं. खरं असं, की त्या एका तासात मी सासूबाईंच्या नजरेआड असायची. त्यात काकू मला वाचायला शिकवत होत्या. त्यांना मालकांनी लग्नानंतर शिकवलं होतं, त्यांनी मला. पाटी घेऊन बसले असते तर सासूबाईंनी ओढून नेलं असतं, म्हणून सुऱ्यांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि त्यावर बोट फिरवायचं. मूठ. हाडाची. वास जात नाही. माझी बाराखडी त्या डब्यातून आली. काकूंना स्वतः चिरता आलं तर मला कोण बोलावणार? एवढाच स्वार्थ. पण त्या स्वार्थावर मी जवळजवळ दोन वर्षं तोंड मिटून बसले.

सहावी सुरी आमच्या घरातून गेली. यजमान छापखान्यात होते. तिथे पुस्तकांच्या कडा कापायला बांधणीवाल्यांकडे एक सुरी असते, लांब, सरळ, वस्तऱ्यासारखी. मालकांचं ऐकून ऐकून यजमानांना वाटलं आपणही काही करावं, म्हणून त्यांनी तशी एक आणली. मी ती बघितली, धारेला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. काकू ती कशी धरणार हे मला माहीत होतं. तेव्हासुद्धा मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विळी घेऊन खाली गेले तर ओट्यावरून रक्त ठिबकत होतं. भोपळा ढकलताना तो मधोमध सटकन कापला गेला आणि काकूंचा तळवा सरळ पात्यावर गेला. हाडापर्यंत. मी पदराने आवळून धरलं, ओरडले, माणसं धावली. डॉक्टर आले, टाके घातले. मालक कारखान्यातून धावत आले. बायकोच्या शेजारी बसले आणि त्या सुरीकडे बघून म्हणाले, "फार धार होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

त्या दिवशी चिठ्ठी बांधली, पण तिच्यावर लिहायचं राहून गेलं.

मग एक स्वयंपाकीण आली. काकू पलंगावर निजून राहू लागल्या, भिंतीकडे तोंड करून. जखम भरत आली तरी उठेनात. मी जायची, शेजारी बसायची. "काकू, वाचायचं का?" "नको गं." पानात वाढलेलं तसंच परत जायचं. एकदा स्वयंपाकिणीने विचारलं, रात्री काय करू? तर म्हणाल्या, "मला काय विचारतेस? माझं घर आहे होय हे?" मला तो आवाज सहन झाला नाही. अशाने ही बाई जायची, आणि आपल्याला ठाऊक असून जायची, हे माझ्या डोक्यातून हलेना.

रविवारी दुपारी मालक बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून कारागिरासाठी काहीतरी आकृती काढत होते. सातव्या सुरीची. मुठीपाशी आडवी पट्टी, हात पुढे सरकू नये म्हणून. मी काकूंच्या शेजारून उठून वर गेले, विळी उचलली, दुधी उचलला. सासूबाई म्हणाल्या, "आता गं काय चिरायचंय तिथे? स्वयंपाकीण आहे ना?" मी उत्तर न देता जिना उतरले.

आधी काकूंकडे गेले. दंडाला धरून उठवलं, काठी हातात दिली, बाहेर आणून मालकांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्या म्हणत होत्या, "अगं काय हे?" मालकांनी मान वर केली. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, त्यांच्या कागदांवर, त्या आकृतीवरच विळी ठेवली, आणि दोन्ही हातांनी सगळा भार घालून तिचा पाट टेबलावर दाबून धरला. मालकांकडे बघितलं नाही. काकूंना म्हटलं, "चिरा."

काकू विळीकडे बघत राहिल्या. मग दुधी घेतला. पट्टी बांधलेल्या हाताने तो पात्यावर धरला. पहिली चकती वेडीवाकडी झाली. दुसरी बरी. मग चकत्यांचे काप, कापांच्या फोडी, फोडी खाली कागदावर पडायला लागल्या, सगळ्या एका मापाच्या, बारीक. मला मान वर करायची हिंमत नव्हती. माझ्या हातांखाली पाट हलत होता तेवढं कळत होतं. अर्धा दुधी झाल्यावर मालकांचा आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे भाजी हलते. पातं नाही."

"पातं कशाला हलेल?" काकू म्हणाल्या.

"तू सुरीसुद्धा अशीच धरत होतीस?"

"मग कशी धरायची?"

मालकांनी कागदावर पडलेली एक फोड उचलून पाहिली. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

काकूंनी हातातली फोड खाली टाकली. "तुम्ही सुरीचं विचारत होता. मी सुरीचं सांगत होते."

मालकांचा हात सवयीने खिशात गेला. खडू बाहेर आला. त्यांनी टेबलाकडे बघितलं, विळीकडे बघितलं, काकूंच्या पट्टीकडे बघितलं, आणि खडू परत खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, हात दुखले असतील. सोडा आता, मी धरतो." उरलेला दुधी होईपर्यंत त्यांनी विळी धरली.

चार दिवसांत ओट्यावर विळी बसली. खाली लोखंडी पट्टी, दोन बाजूंना पेच, हत्तीने ओढली तरी हलायची नाही. पण ती बसवण्याआधी मालक उंबऱ्याच्या आत आले. दर पेचाला विचारायचे, "इथे? का जरा डावीकडे? तू सांग." काकूंनी त्यांना तीन वेळा उखडायला लावलं. मला वाटतं मुद्दाम. त्या संध्याकाळी खवणीचा खर्रखर्र आवाज वर आमच्या खोलीत आला तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरातच बसून राहिले. आता माझं काम नव्हतं. खालून काठी आपटल्याचा आवाज आला, मग काकूंची हाक, "येत का नाहीस गं? चिरायला नको येऊस. वाचायला ये." दोन वर्षं मी ज्याला भ्यायले ते एवढंच होतं.

नंतर सव्वा वर्ष त्या घरात फार बरं गेलं. रविवारी मालक स्वयंपाकघरात जमिनीवर पाट घेऊन बसायचे आणि वर बसलेल्या काकूंना एकेक वांगं पुसून द्यायचे. मग गाठीच्या तापाचं, प्लेगचं साल आलं. उंदीर पडायला लागले, चाळी ओस पडल्या, आम्हीही आगबोटीने कोकणात गावी गेलो. परत आलो तेव्हा काकू नव्हत्या. गाठ नव्हती, साधाच ताप होता, असं मालक म्हणाले. सात दिवसांत गेल्या.

मी भेटायला गेले तर मालक ओट्याशी उभे राहून त्या विळीवर बटाटा चिरत होते. फोडी लहानमोठ्या, एकीसारखी एक नाही. कोटाचा खिसा सपाट होता, खडू नव्हता. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "हा तुम्ही न्या. ती म्हणाली होती, तिला द्या, तिने यावर अक्षरं गिरवली आहेत." मी पदर सावरला आणि डबा उचलला.

घरी येऊन उघडला. सहाही सुऱ्या होत्या, चिठ्ठ्यांसकट. पण पहिल्या पाच चिठ्ठ्यांवरचा जुना मजकूर एका रेघेने खोडलेला होता. मूठ सैल, पातं जड, लोणी कापते, सगळं. फुली पुसलेली. खाली मालकांच्या तपासणीच्या ठसठशीत अक्षरात पाचही चिठ्ठ्यांवर एकच लिहिलं होतं, "माल चांगला. विचारले नाही."

सहावी चिठ्ठी कोरीच होती. ती सुरी आमच्या घरातून गेलेली. मी यजमानांची पेन्सिल घेतली आणि त्या चिठ्ठीवर लिहिलं, "सांगितले नाही."

अक्षर काकूंनी शिकवलेलं होतं. नीट आलं.